धाकटीचं उत्तर

३ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

कानाचं यंत्र ड्रॉवरमध्ये ठेवून ‘फोनवर मला काही ऐकू येत नाही बाई’ म्हणणाऱ्या माणसांना शेवटी पत्रच लिहावं लागतं, म्हणून लिहिते आहे.

आधी घरचं. मी टम्म फुगले आहे. सातवा संपत आला. डॉक्टरीणबाई म्हणतात सगळं उत्तम आहे. इतकी वर्षं वाट पाहायला लावली आणि आता आतून नुसत्या लाथा झाडणं चाललंय. आई बरी आहे, म्हणजे नेहमी असते तशी. खिडकीपाशी बसवली की बसते, जेवायला हाक मारली की येते. डावा हात मांडीवर, अर्धवट मिटलेला, गार. या थंडीत तर बर्फच झालाय, म्हणून मी त्यावर लोकरीचा मोजा चढवलाय. माझा नवरा तिला रोज विचारतो, ‘आज काय बेत?’ आणि ती रोज म्हणते, ‘काही नाही.’

आता मुद्द्याचं. हिवाळ्यात आमच्या संग्रहालयातलं तात्या आजोबांचं दालन दुरुस्तीसाठी बंद ठेवलंय. मार्चच्या शेवटी संचालकबाईंनी ‘कुटुंब दिवस’ ठरवलाय. लोकांनी मुलाबाळांना, म्हाताऱ्यांना घेऊन यायचं आणि तात्यांनी केलेलं प्लास्टरचं घर बघायचं. शिवणाच्या टेबलाशी आजी, घड्याळ उघडून बसलेले तात्या स्वतः, स्टुलावर मान वळवून पाळण्याकडे बघणारी सात वर्षांची तू, आणि रिकामा पाळणा. तुझ्या नाकाचा टवका मी भरला, एक कान नवा करून दिला. (खऱ्या कानाचंही बघू का?)

तर काल पाळण्याची गादी उसवली. कीड लागली होती. आतल्या गवतात हाताला काहीतरी टणक लागलं. प्लास्टरचा हात, मावशी. तान्ह्या बाळाचा, डावा, मनगटापाशी तुटलेला, तळवा उघडा. नखांच्या कडासुद्धा दिसतात, म्हणजे घडवलेला नाही, जिवंत हातावरून साचा काढलेला आहे. पाळणा पहिल्यापासून रिकामाच होता असं आम्ही ऐकत आलो. मग हा कुणाचा?

लगेच कळव. आणि कुटुंब दिवसाला ये. अख्ख्या आयुष्यात तू त्या दालनात पुन्हा पाऊल टाकलं नाहीस, निदान नवा कान बघायला तरी ये.

तुझी,
खार

११ फेब्रुवारी

चि. खारीस, अनेक आशीर्वाद.

यंत्र ड्रॉवरमध्ये नाही, फ्रीजवर आहे. माहिती नसेल तर बोलू नये.

लाथा मारतंय हे वाचून बरं वाटलं. मारू दे. तू पोटात होतीस तेव्हा तुझ्या आईला जेवताना ताट मांडीवर ठेवता यायचं नाही, तू उडवून लावायचीस. माझं म्हणशील तर मान. डावीकडे वळून धरली आहे ती काही सुटत नाही. जन्माची तक्रार आहे, थंडीत जास्त. शेजारीण म्हणते, तुम्ही कायम कुणावर तरी नजर ठेवून असल्यासारख्या दिसता.

पाळणा रिकामाच होता आणि रिकामाच असू दे. तात्या किती सटरफटर करून ठेवायचे, त्यातल्या कुठल्या बाहुलीचा हात असेल. फडक्यात गुंडाळ आणि संग्रहालयाच्या कपाटात ठेवून दे. घरी आणू नकोस. धाकटीला, म्हणजे तुझ्या आईला, दाखवू नकोस. उगाच कशाला.

तात्यांचा विषय निघाला म्हणून आठवलं. चेहऱ्याचा साचा घ्यायचा असला की ते तोंडाला तेल चोपडायचे, नाकात दोन नळ्या घालायचे आणि वरून प्लास्टर. हलायचं नाही, हसायचं नाही. साचा निघाला की मोठ्याने म्हणायचे, ‘सुटलीस!’ आणि आपण म्हणायचं, ‘सुटले!’ तसं म्हटल्याशिवाय उठूच द्यायचे नाहीत. पोस्टमनच्या चेहऱ्याचा साचा घेतला तेव्हा तो गडी लाजून बोलेचना. दुपारभर बसवून ठेवला बिचाऱ्याला, गावाची पत्रं तशीच पिशवीत. आम्हाला तो खेळ वाटायचा. एकदा विचारलं, तर म्हणाले, ‘साचा सुटला ते मला दिसतं. माणूस सुटला का, ते माणसानेच सांगायला हवं.’

कुटुंब दिवसाला माझं काही जमणार नाही. मानेने प्रवास झेपत नाही.

तुझी,
मावशी

२४ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

तुझं पत्र पोचेपर्यंत थोडा उशीर झाला होता. रागावू नकोस, आधी सगळं वाच.

मूळ तुकडा हाती लागला की त्याच्या मापाने बाकीचं उभं करायचं, हे आमच्या धंद्याचं पहिलं कलम. तुकडा नसताना मी बाळ केलं असतं तर ती माझी मनमानी झाली असती. पण हात मिळाला, म्हणजे तात्यांनी बाळ केलं होतं हे उघड आहे. संचालकबाई तर हुरळूनच गेल्या. हातावरून मी मनगट काढलं, मनगटावरून दंड, आणि बघता बघता पाळण्यात अख्खं बाळ झोपलं. चेहरा कुणासारखा करावा हे सुचत नव्हतं, पण हात आपोआप चालत गेले. झाल्यावर बघितलं तर थेट आईचा बालपणीचा फोटो. मी स्वतःवरच खूश झाले.

आणि खरी बातमी पुढेच आहे. मी आईला बाळ बघायला नेलं. (तू नको म्हणालीस ते पत्र दुसऱ्या दिवशी आलं.) ती पाळण्यापाशी गेली, मोजा काढला आणि डाव्या हाताने, मावशी, डाव्या हाताने तिने पाळण्याची दोरी धरली! त्या दिवसापासून ती दोन्ही हातांनी कप धरते. स्वतःची बटणं लावते. काल नवऱ्याने विचारलं, ‘आज काय बेत?’ तर म्हणाली, ‘बाजारात जाऊन येते, तुमच्या या कोबीचा कंटाळा आलाय.’ स्वयंपाकघरात गुणगुणते. ती गाते हे मला माहीतच नव्हतं. मी न्हाणीघरात जाऊन रडले.

एक किरकोळ गोष्ट. तो हात गरम लागतो. ताजं प्लास्टर घट्ट होताना तापतं हे मान्य, पण ते तासाभरात निवतं आणि हा तुकडा तर साठ वर्षांचा आहे. दालनातला हीटर जवळ आहे, त्यानेच असेल.

आमचं आतलं बाळ हल्ली शहाण्यासारखं झोपून असतं. लाथा जवळजवळ बंद. आजीवर गेलंय बहुतेक.

तुझी,
खार

४ मार्च

खार,

आशीर्वाद वगैरे नंतर. हे पत्र उभ्याने वाचू नकोस, बस आणि वाच.

मी तुला खोटं सांगितलं. पाळण्यात बाळ होतं. धाकटी चार महिन्यांची होती. बाळाच्या तोंडावर प्लास्टर घालता येत नाही, म्हणून तात्यांनी ती झोपलेली असताना फक्त डाव्या हाताचा साचा घेतला आणि बाकीचं नुसतं बघून घडवलं. साचा निघाला. सवयीने म्हणाले, ‘सुटलीस!’ आणि एकदम गप्प झाले. उत्तर कोण देणार? आई हसली, म्हणाली, ‘अहो, बोलायला तर लागू दे.’

संध्याकाळपासून धाकटी रडायची थांबली. दूध ओढेना. डोळे उघडे, पण बघत नव्हती. आणि दालनातलं ते प्लास्टरचं बाळ असं टवटवीत, की लोक पाळण्यापाशी आवाज न करता चालायचे, उठेल म्हणून. घरातली रोज उतरत गेली. शेवटी तात्या हातोडी घेऊन गेले. तिकडे त्यांनी बाळ फोडलं आणि इकडे माझ्या मांडीवर धाकटी किंचाळली. मी ते कधी विसरले नाही. तात्यांनी सगळे तुकडे वेचून त्यांची भुकटी केली, पण हात सापडला नाही. पाखडून पाखडून शोधला, नाहीच सापडला. म्हणून धाकटीचा हात तसा राहिला, आणि तीही तशीच राहिली. तुझी आई आमच्याकडे पूर्ण परत आलीच नाही, खार. जाताना तात्या माझा हात धरून म्हणाले, ‘धाकटीचं उत्तर राहिलं.’

आता तू त्या हाताला पुन्हा अंग दिलंस. हात गरम आहे. धाकटी गाते आहे. हे सगळं कुणाच्या जिवावर? तूच लिहिलंस, लाथा बंद आहेत.

हातोडी मार म्हणत नाही. तात्यांनी मारली, त्याने अर्धंच काम झालं. नुसता हात वेगळा कर, धाकटीच्या हातात दे आणि तिला विचार. उत्तर तिनेच द्यायला हवं, तिच्या मनाने. पुढे काय होईल मला सांगता येत नाही. बाळंतीण मोकळी झाली तरी आपण ‘सुटली’ म्हणतो आणि हाल सोसून माणूस गेलं तरी ‘सुटली’च म्हणतो. मला भीती वाटते आहे, आणि ती तुझ्यापासून आता लपवत नाही.

मावशी

१२ मार्च

मावशी,

पहिल्यांदा वाचलं तेव्हा पत्र फेकून दिलं. शिकलेली बाई आहे मी. नवऱ्याने ते उचलून सरळ केलं आणि माझी पिशवी भरली. दवाखान्यात गेलो. ठोके आहेत, पण मंद आहेत. डॉक्टरीणबाईंनी यंत्र इकडून तिकडून फिरवलं. दोन दिवसांनी पुन्हा या म्हणाल्या.

तिथून मी दालनात गेले. तो हात सापडला त्या दिवशी मी त्याचा फोटो काढला होता. तळवा उघडा, पाचही बोटं पसरलेली. आता मूठ मिटली आहे. प्लास्टर आहे ते, मावशी. मी त्या बोटांच्या फटीत पातळ सुरी घालून बघितली, जातच नाही. आणि घरी आईचा हात पूर्ण उघडलाय. टेबलावर सपाट ठेवते आणि स्वतःच बघत बसते.

मी तिला सगळं सांगितलं. मला वाटलं घाबरेल. तिने माझ्या पोटावर दोन्ही हात ठेवले, बराच वेळ. मग म्हणाली, ‘एवढंच ना? मला कधी कुणी विचारलंच नाही बघ.’ आणि हसली. तिला हसताना खळी पडते. इतकी वर्षं मला माहीत नव्हतं.

मी विचारणार नाही. तू सांगितलंस तसं मी करू शकत नाही. मला आई आत्ता मिळाली आहे, या तीन आठवड्यांत. ती मला वेणी घालून देते. आणि न विचारावं तर आतलं. सांग ना, कुणी कसं ठरवायचं हे? तू ये. तू मोठी आहेस. मान राहू दे बाजूला, तू ये.

खार

१६ मार्च (कार्ड)

मावशींना नमस्कार.

आज सकाळी सुटली. दवाखान्यातून घाईत लिहितो आहे. खार बोलण्याच्या स्थितीत नाही. सविस्तर मागाहून कळवतो.

आपला,
जावई

२० मार्च

जावईबापूंस आशीर्वाद.

तुमचं कार्ड मिळालं. तुम्ही सज्जन आहात, रागाने लिहीत नाही, पण असं कुणी लिहितं का हो? कोण सुटली? माझी धाकटी की माझी खार? आणि कशी सुटली? बाळ आहे का? कार्ड उलटंसुलटं करून पाहिलं, दिव्यापाशी धरलं, शेजारणीकडून वाचून घेतलं. ती पेढे आणू का विचारत होती. मी तिला काय सांगू?

एक ओळ टाका. काय असेल ते लिहा, पण नाव घालून लिहा.

मावशी

२ एप्रिल

प्रिय मावशी,

आता बसून लिहिता येतंय. तुझं पत्र त्याने मला दाखवलं. मी म्हटलं, ‘अरे, कोण ते तरी लिहायचं होतंस.’ तर म्हणाला, ‘लिहिताना मलाही नक्की माहीत नव्हतं.’ दवाखान्याच्या व्हरांड्यात उभा होता तो. आत मी, आणि दालनात आई.

दोघी सुटलो, मावशी. आपापल्या अर्थाने.

त्या सकाळी मी उठले तेव्हा आई शाल घेऊन दारात उभी होती. म्हणाली, ‘चल, तुझ्या कामावर जाऊ.’ दालनात गेलो. तिने स्वतः पाळण्यापाशी खुर्ची ओढली. मी बाळाच्या मनगटावरून सांधा कापला. सुरी दोनदा घसरली, तर म्हणाली, ‘सावकाश, मला घाई नाही.’ तो हात तिने डाव्या हातात घेतला. दोन्ही सारखेच, मावशी, एक लहान, एक मोठा. नखांच्या कडासुद्धा त्याच. ती म्हणाली, ‘विचार. नाहीतर मी या प्लास्टरच्या आईला विचारायला लावीन, ती नाही म्हणणार नाही.’ रडता रडता मला हसू आलं. मी तिच्या गळ्यात पडले. म्हटलं, ‘आई, थांब ना.’ ती म्हणाली, ‘थांबलेच तर होते ग इतकी वर्षं.’

मग मी विचारलं. ‘सुटलीस?’

तिने मान वर केली आणि लहान मुलं लपंडावात ओरडतात तसं, खणखणीत आवाजात म्हणाली, ‘सुटले!’

हाताची भुकटी झाली. मी समोर होते, मी पाहिलं. तिच्या बोटांमधून पांढरी भुकटी मांडीवर सांडली आणि हात तसाच उघडा राहिला. मी हाक मारत होते तेवढ्यात पोटात अशी लाथ बसली की मी पाळण्याला धरून खालीच बसले. कळा तिथेच सुरू झाल्या. पाळण्यातल्या बाळाचा चेहरा, मी केलेला तो नेमका चेहरा, नुसता गुळगुळीत झाला होता.

मुलगी आहे. वेळेआधी आली, पण दवाखाना डोक्यावर घेईल असा आवाज आहे. दोन्ही हात गरम. मी दिवसातून कितीतरी वेळा बघते. डाव्या हाताने माझं बोट धरते ते सोडतच नाही. आईला हे सांगायला मी उठते आणि मग आठवतं. खिडकीपाशी खुर्ची अजून तशीच आहे.

कुटुंब दिवस झाला. पाळणा रिकामाच ठेवायला मी सांगितलं. संचालकबाईंनी का म्हणून विचारलं नाही. नवरा जाऊन आला. गर्दी खूप होती म्हणाला. पण त्याने एक विचारलं, ‘मावशींची मान तू फिरवलीस का?’

म्हणून काल पोरीला त्याच्याकडे देऊन मी स्वतः गेले. स्टुलावरची सात वर्षांची तू आता पाळण्याकडे बघत नाहीस. तू दाराकडे बघते आहेस. साफ करताना कुणी फिरवली असेल म्हणावं, तर ती मूर्ती अखंड आहे, आत लोखंडी सळई आहे, मान फिरणारच नाही. मी भिंग लावून गळा तपासला. कुठे भेग नाही, चीर नाही.

मावशी, तुझा साचा निघाला तेव्हा तात्यांनी विचारलं असेलच. तू मोठ्याने म्हणाली होतीस ना?

तुझी,
खार

९ एप्रिल

चि. खारीस आणि चिमुकलीस अनेक आशीर्वाद.

धाकटी हसत गेली हे वाचून मी खूप रडले, आणि मग बऱ्याच वर्षांनी पोटभर जेवले. तिला तू आणि तुला ती, थोड्या दिवसांसाठी का होईना, मिळालात. मी तिला मांडीवर किंचाळताना ऐकलं होतं. ‘सुटले’ म्हणताना ऐकायला हवं होतं.

माझी मान सुटली. तू लिहिलंस त्याच दिवसांत कधीतरी. सकाळी उठले तर सरळ. शेजारीण म्हणाली, ‘आज अगदी समोर बघताय.’ मी म्हटलं, ‘हो बाई, आता दाराकडे लक्ष आहे.’ ती हसली, तिला वाटलं मी पोस्टमनची वाट बघते आहे.

तू विचारलंस ते मी स्वतःला तीन दिवस विचारते आहे. धाकटी तेव्हा नुकतीच जन्मली होती, पाळण्यात होती. तात्यांनी माझा साचा काढला. नाकातल्या नळ्या निघाल्या. तात्या म्हणाले, ‘सुटलीस!’ आणि तेवढ्यात ती रडली. मी मान वळवली आणि तिच्याकडे धावले. तात्या मागून काहीतरी ओरडत होते. मी तिला उचललं, ती गप्प झाली, आणि मग जेवणं झाली. मी उत्तर दिल्याचं मला आठवत नाही. कितीही आठवलं तरी नाही. त्या दालनाकडे पाऊल का वळत नव्हतं, ते आता कळतंय.

शुक्रवारच्या गाडीचं तिकीट काढलं आहे. कानाचं यंत्र लावून येते, म्हणजे तू विचारशील ते नीट ऐकू येईल. दालनात आपण जाऊ, पण घाई करू नकोस. आधी पोरीला माझ्या मांडीवर दे. तिला माझं बोट धरू दे, डाव्या हाताने. तिचं धरून झालं की मग विचार.

तुझी,
मावशी